पाठीतल्या सुईचा दोष किती?

गिरगावपासून लालबागपर्यंत कोणत्याही वैद्याच्या चिकित्सालयात एक वाक्य वरचेवर कानी पडते : "सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई दिली, तेव्हापासून माझी कंबर गेली." मूल सहा महिन्यांचे असो वा दहावीत गेलेले असो, खापर त्या एका सुईवरच फुटते. रुग्णेने असे म्हणावे यात नवल नाही. तिला त्या दिवशीची सुई आठवते; नऊ महिन्यांचा भार आणि त्यानंतरची जागरणे आठवत नाहीत. खेद याचा वाटतो की, आपल्यापैकी अनेक वैद्य हे ऐकून मान डोलावतात, केसपेपरवर 'सुईमुळे कटिशूल' असे लिहितात आणि तेलाची बाटली देतात. औषधी भांडारातही 'सुईच्या कमरेसाठी' म्हणून तेल मागितले जाते व त्याच नावाने दिलेही जाते.

या मान डोलावण्याचा परिणाम त्या एका रुग्णेपुरता राहत नाही. तिची नणंद, भावजय, शेजारीण हे ऐकते आणि स्वतःची वेळ आली की शस्त्रक्रियागृहाच्या दारात, "मला पाठीत सुई नको, पूर्ण झोपवा," असा हट्ट धरते. निर्णय मिनिटांत व्हायचा असतो, तेव्हा ती मिनिटे समजूत घालण्यात जातात. आणि हट्ट मान्य झालाच, तर आई व बाळ दोघांनाही अधिक जोखमीच्या मार्गाने जावे लागते. म्हणून या विषयावर आपल्याच व्यासपीठावर स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते.

आपला या विषयाशी संबंध काय?

भूल देणे हे भूलतज्ज्ञाचे काम आहे, आपण त्यात कशाला पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर आपल्या परिसरातच आहे. गिरणगावातील कामगार स्त्रियांच्या प्रसूतीची सोय व्हावी म्हणून परळला १९२६ मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभे राहिले. त्याच वर्षी शेजारी के.ई.एम. रुग्णालय सुरू झाले. दक्षिणेकडे कामा रुग्णालय तर १८८६ पासून स्त्रियांची सेवा करीत आहे. आपल्या भागातील पिढ्यान् पिढ्या या दारांतून जन्मल्या. परंतु त्याच घरांत बाळंतकाढा, शतावरी कल्प, दशमूलारिष्ट, शेकशेगडी, बाळंतशेपा व मालीशवाली बाई यांची परंपराही अखंड राहिली. गिरण्यांच्या जागी मनोरे आले, चाळीतील कुटुंबे विरार-डोंबिवलीला गेली, तरी लेक बाळंतपणाला आली की आई तिला घेऊन आपल्याकडे येतेच. शस्त्रक्रिया रुग्णालयात होते. तिच्या आधीचे आठ महिने आणि नंतरचे दीड महिने मात्र बव्हंशी आपल्या हाती असतात.

आणि ही संख्या लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५.४ टक्के झाले. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या दर चार सूतिकांपैकी एकीला भूल दिली गेलेली असते. कोणती भूल, कशासाठी आणि तिचे पुढे काय होते, हे आपणास ठाऊक नसेल तर आपण सूतिकेची चिकित्सा अर्ध्या माहितीवर करतो, असेच म्हणावे लागेल.

भुलेचे प्रकार

पहिला प्रकार स्पायनल. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून केसासारखी बारीक सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सुमारे दोन मिलिलिटर औषध सोडले जाते. प्रौढ व्यक्तीत मज्जारज्जू साधारणतः पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. सुई त्याच्या खाली जाते, त्यामुळे 'नस तुटली', 'मणका फुटला' या समजुतींना शारीराचा आधार नाही. पाच-दहा मिनिटांत छातीखालचा भाग बधिर होतो व दीड-दोन तास तसा राहतो. आई जागी असते.

दुसरा प्रकार एपिड्युरल. येथे औषध त्या द्रवात न जाता बाहेरच्या आवरणालगतच्या पोकळीत बारीक नळीवाटे सोडले जाते. परिणाम सावकाश होतो, पण नळीतून पुन्हा पुन्हा औषध देता येते. कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून आधीच नळी घातलेली असेल आणि पुढे सिझेरियन करावे लागले, तर तीच उपयोगी पडते. काही ठिकाणी दोन्ही प्रकार एकत्रही वापरतात.

तिसरा प्रकार संपूर्ण भूल. शिरेतून औषध देऊन रुग्णेला निद्रिस्त करतात, स्नायू शिथिल करतात, श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास देतात. तीव्र रक्तस्राव, रक्त गोठण्याचा दोष, बिंबाणूंची (प्लेटलेटची) मोठी घट, सुईच्या जागी जंतुसंसर्ग, किंवा बाळाची नाळ बाहेर येऊन क्षणाचाही विलंब परवडत नसेल अशा वेळी हीच भूल प्राण वाचवते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु केवळ सुईच्या भीतीपोटी तिची मागणी करणे शहाणपणाचे नाही.

ते का, हे आई आणि बाळ अशा दोन्ही अंगांनी पाहू. गर्भिणीच्या घशातील भाग सुजलेला असतो, त्यामुळे नळी घालणे अवघड जाते. तिच्या शरीरातील प्राणवायूचा साठा लवकर संपतो. गर्भाशयाच्या दाबामुळे आमाशयातील अन्न वर येण्याचा धोकाही असतो. झोपवणारे औषध अपरेतून बाळाकडे जाते. बाळ सुस्त जन्मते व काही वेळा पहिली काही मिनिटे त्याला श्वासाची मदत द्यावी लागते. जन्मतःच बाळाची नाडी, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद व वर्ण पाहून गुण देण्याची जी पद्धत आज प्रत्येक प्रसूतिगृहात आहे, ती १९५३ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या डॉ. व्हर्जिनिया अपगार स्वतः भूलतज्ज्ञ होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आईच्या भुलेचा बाळाशी किती निकटचा संबंध आहे, हे त्यावरून कळावे.

स्पायनलमध्ये औषधाची मात्रा इतकी अल्प असते की बाळापर्यंत ती जवळजवळ पोहोचतच नाही. आई जागी असल्याने बाळाचे पहिले रडणे ऐकते आणि त्याला लवकर छातीशी घेऊ शकते. तिचे उपद्रव नाहीत असे नाही. रक्तदाब एकदम उतरतो, मळमळ होते, थंडी वाजते. काहींना खाज सुटते, लघवी अडते. रक्तदाब फार वेळ उतरलेला राहिला तर बाळाचा रक्तपुरवठाही घटतो. म्हणून रुग्णेला डाव्या अंगाला किंचित कलते ठेवतात, सलाईन व रक्तदाब वाढवणारी औषधे तयार ठेवतात. हे उपद्रव बहुधा शस्त्रक्रियागृहातच उद्भवतात व तेथेच आवरले जातात.

सुश्रुताचार्यांचा इशारा

येथे आपल्या संहितांचे स्मरण करणे उचित ठरेल. सुश्रुत शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात आसन्नप्रसवेला अभ्यंग व उष्णोदकस्नानानंतर गळ्यापर्यंत यवागू पाजण्यास सांगतात. तेच आचार्य सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात मूढगर्भासह काही व्याधींची नावे घेऊन, ही शस्त्रकर्मे रिकाम्या पोटी करावीत, असे बजावतात. स्वाभाविक प्रसूतीला बळ हवे म्हणून आहार. शस्त्रकर्म करावयाचे तर निराहार. एकाच ग्रंथकाराने केलेला हा भेद किती सूक्ष्म आहे!

पाश्चात्त्य वैद्यकाने त्याची किंमत फार पुढे ओळखली. सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये एडिंबरा येथे प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्म वापरले, त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९४६ मध्ये, न्यूयॉर्कच्या डॉ. मेंडेलसन यांनी ४४,०१६ प्रसूतींचा आढावा घेतला. भुलेखाली आमाशयातील द्रव्य फुप्फुसात गेल्याच्या ६६ घटना त्यांना आढळल्या. आज नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी अन्न किमान सहा तास व निव्वळ पाणी दोन तास आधी बंद करतात, त्यामागे हेच कारण आहे.

आपल्या घरांतील एक रीत येथे आड येते. कळा सुरू झाल्या की, "लवकर सुटका होईल" म्हणून गरम दूध-तूप पाजले जाते. भूलशास्त्राच्या दृष्टीने दूध हे पाणी नव्हे, ते अन्नच. आणि तूप घातलेले दूध आमाशयात आणखी रेंगाळते. ज्या गर्भिणीचे आधीचे सिझेरियन झाले आहे, बाळ आडवे आहे किंवा रक्तदाब वाढलेला आहे, तिच्या घरी नवव्या महिन्यातच सांगून ठेवावे की कळा आल्यावर दूध-तूप द्यायचे नाही, रुग्णालय गाठायचे आणि शेवटचे काय व किती वाजता खाल्ले ते खरे सांगायचे. हे सांगायला वैद्याहून अधिक अधिकारी कोण? सासूबाई डॉक्टरांचे ऐकणार नाहीत, पण सुश्रुताचे नाव घेतले तर ऐकतील.

कंबर का दुखते?

आता मूळ आरोपाकडे वळू. तो सर्वस्वी निराधार होता असे नाही. १९९० मध्ये बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी ११,७०१ स्त्रियांना प्रसूतीनंतर काही वर्षांनी प्रश्नावली पाठवली, तेव्हा एपिड्युरल घेतलेल्यांत दीर्घकालीन कंबरदुखी अधिक आढळली. समजुतीला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. परंतु त्याच अभ्यासात, पूर्वनियोजित सिझेरियनसाठी एपिड्युरल घेतलेल्या स्त्रियांत हा संबंध आढळला नव्हता. सुईच दोषी असती तर तिने तेथे सवलत का दिली असती? कळांच्या दीर्घ काळात, वेदना न जाणवल्यामुळे अवघडलेल्या स्थितीत पडून राहणे हे कारण असावे, असे खुद्द त्या संशोधकांनाच वाटले. पुढे आधीपासून नोंदी ठेवून आणि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून जे अभ्यास झाले, त्यांत एपिड्युरल घेतलेल्या व न घेतलेल्या स्त्रियांच्या दीर्घकालीन कंबरदुखीत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. सुईच्या जागी काही दिवस दुखरेपणा राहतो, एवढे खरे.

मग कंबर दुखते ती कशाने? चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात सूतिकेचे व्याधी कष्टसाध्य का होतात, याची कारणे दिली आहेत : गर्भाच्या वाढीने क्षीण व शिथिल झालेले धातू, प्रवाहणाचे श्रम व वेदना, आणि क्लेद व रक्त बाहेर गेल्याने आलेली शून्यता. पाठीत सुई देण्याचा शोध लागण्यापूर्वी कितीतरी शतके हे लिहिले गेले. कोकणात घरीच सुइणीच्या हातून बाळंत झालेल्या आपल्या आज्यांच्याही कमरा दुखत होत्या. त्यांना कोणी सुई दिली होती? त्यात आजची भर घाला : पोटाचे स्नायू सैल, वाकून स्तनपान, बाळाला कडेवर घेऊन जिने चढणे, रक्ताची व कॅल्शियमची उणीव, रजा संपताच लोकलचा प्रवास. वातप्रकोपाला याहून अधिक काय हवे?

या निदानातच आपल्या शास्त्राचे बळ आहे. अभ्यंग, स्वेदन, दशमूळ, शतावरी, पोट बांधणे, हळूहळू वाढवलेला व्यायाम आणि पोषक आहार यांचा उपयोग सूतिकेला होतो. तो सुईचा दोष मान्य केल्याशिवायही होतो. सिझेरियन झालेल्या स्त्रीत मात्र तारतम्य हवे. जखम भरेपर्यंत पोटावर तेल नको, टाक्यांवर शेगडीचा शेक नको. जेथे बधिरपणा उरला आहे तेथे गरम पाण्याची पिशवी तर मुळीच नको.

सुईला दोष देण्याचा सर्वांत मोठा तोटा म्हणजे निदान तेथेच थांबते. 'सुईची कंबर' हे नाव एकदा चिकटले की पुढे कोणी तपासत नाही. मुंबईत, आणि दाटीवाटीच्या परळ-लालबाग-शिवडी पट्ट्यात विशेषतः, न हटणारी कंबरदुखी, संध्याकाळचा ज्वर व घटते वजन ही त्रयी दिसली तर मणक्याचा क्षय आधी वगळला पाहिजे. अशा रुग्णेला वर्षभर तेल चोळत बसलो, तर मणका खचल्यावर जाग येईल. पायात वाढती बधिरता वा अशक्तता आली, मलमूत्राचे नियंत्रण सुटले किंवा लघवी अडली, तर तिला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

शिरःशूलाकडे दुर्लक्ष नको

ज्या उपद्रवाचा सुईशी खरोखर संबंध आहे, तो मात्र आपल्याकडून निसटतो. तो म्हणजे शिरःशूल. सुईच्या छिद्रातून द्रव पाझरत राहिला तर मेंदूभोवतीचा दाब घटतो आणि पहिल्या काही दिवसांत डोके दुखू लागते. त्याची खूण ठळक आहे : उठून बसले की दुखते, आडवे झाले की उतरते. सोबत मान आखडते, मळमळ होते, कानात आवाज येतात. १८९८ मध्ये स्पायनल भूल प्रचारात आणणारे जर्मन शल्यविद ऑगस्ट बिअर यांनी स्वतःवर प्रयोग करून घेतला, तेव्हा त्यांनाही हेच डोके दुखणे कित्येक दिवस सोसावे लागले होते. आजच्या बारीक, पेन्सिलीच्या टोकासारख्या सुयांमुळे हे प्रमाण शंभरात एकीच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले आहे. एपिड्युरलची जाड सुई चुकून आत गेली तर मात्र ते बरेच वाढते. विश्रांती, द्रवपदार्थ व वेदनाशामकांनी बहुतेक वेळा आराम पडतो; न पडल्यास रुग्णेचेच थोडे रक्त काढून एपिड्युरल पोकळीत सोडतात, तेणेकरून छिद्र बुजते.

अशी रुग्णा पाचव्या-सहाव्या दिवशी आपल्याकडे आली, तर तिला 'वातज शिरःशूल' म्हणून नस्य देण्याचा मोह टाळावा. वाग्भटाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात सूतिकेची गणना नस्याला अयोग्य व्यक्तींत केलेलीच आहे. आधी रक्तदाब मोजावा. गर्भावस्थेतील रक्तदाबाचा विकार प्रसूतीनंतरही सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल, दृष्टी अंधुक होत असेल, आडवे होऊनही डोके उतरत नसेल, ज्वर, गुंगी, झटका किंवा एका अंगाची दुर्बलता असेल, तर मेंदूतील शिरेत रक्त गोठणे वा जंतुसंसर्ग यांची शंका घेऊन तिला तत्काळ पाठवावे. येथे एक दिवसाचा उशीर जीवावर बेतू शकतो.

दुकानदार बंधूंना विनंती

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ विचारतात, "कोणती औषधे चालू आहेत?" रुग्णा सांगते, "काही नाही." काढे, चूर्णे, वट्या ही तिच्या लेखी औषधेच नव्हेत. पण लसणाचे कल्प मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्त गोठण्यावर परिणाम करू शकतात. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढवते व शरीरातील पोटॅशियम घटवते. झोपेसाठीची द्रव्ये भुलेच्या औषधांत भर घालू शकतात. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांना रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने चालू असतात. शेवटचे इंजेक्शन कधी घेतले यावर स्पायनल देता येईल की नाही हे ठरते. म्हणून आठव्या महिन्यातच वैद्याने चालू औषधांची यादी, मात्रेसह, स्वच्छ अक्षरात लिहून रुग्णेच्या फाइलमध्ये ठेवावी. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर अत्यावश्यक नसलेली औषधे दोन आठवडे आधी थांबवावीत. दुकानदारांनी गर्भिणीला चिठ्ठीविना काही देऊ नये. आणि 'सुईच्या कमरेचे तेल' म्हणून काही मागितले, तर तेल जरूर द्यावे, त्या नावाला दुजोरा मात्र देऊ नये.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या

अनावश्यक सिझेरियन होतात, ही आपली तक्रार रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये म्हटले आहे की, लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेल्याने माता व नवजात यांचे मृत्यू आणखी घटलेले दिसत नाहीत. त्याविरुद्ध अवश्य बोलावे. पण शस्त्रक्रियेवरचा राग भुलेवर काढू नये. सिझेरियन अनावश्यक असू शकते. ते होत असताना भूल कधीही अनावश्यक नसते.

आणि भूलतज्ज्ञांकडेही एक मागणे आहे. पुष्कळदा रुग्णेची व त्यांची पहिली भेट शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होते आणि इंग्रजी कागदावर सही घेतली जाते. मूढगर्भाला हात घालण्यापूर्वी अधिपतीची अनुमती घ्यावी, असे सुश्रुताचार्यांनी सांगितले आहे. आज ती अनुमती स्वतः स्त्रीची आहे, आणि तिला कळेल अशा मराठीत, सुई कोठे जाणार, काय जाणवेल, नंतर डोके दुखल्यास कोठे यावे, हे पाच मिनिटे सांगितले गेले पाहिजे. न सांगितलेल्या गोष्टींच्या जागीच समजुती वाढतात.

तोवर आपल्या हाती जे आहे ते आपण करू या. पुढची रुग्णा "पाठीतल्या सुईने कंबर गेली" असे म्हणेल, तेव्हा तिची वेदना खरी मानावी, तिचे कारण नीट शोधावे आणि सुईला दोष देण्यापूर्वी तिला तपासावे. तिच्या शेजारी बसलेली तिची गर्भार भावजय आपले उत्तर ऐकत असते, हे ध्यानी असू द्यावे.